पुस्तक आपल्याला का आवडते?



एखादे पुस्तक हातात घेतले की जेवायला बोलावलेलेही ऐकू येत नाही. दुसरे पुस्तक मात्र दोन पानांतच मिटावेसे वाटते. असे का होते? काही मोठी माणसे म्हणतात, ‘मुलांना हलकी पुस्तकेच आवडतात.’ मला हे मत पटत नाही. प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाची गोडी वेगळी असते.

रहस्यकथा घ्या. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही उर्दू मालिका १९५२ साली अलाहाबादहून निघू लागली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘पुढे काय होणार?’ हा एकच प्रश्न आपल्याला पाने उलटायला लावतो.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये रहस्य नाही. जत्रेत मित्र खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद मात्र तीन पैशांचा चिमटा घेतो. पोळ्या भाजताना आजीचे हात भाजतात, हे तो विसरत नाही. इथे आपल्याला माणसाचे मन दिसते, म्हणून ही कथा आवडते.

आत्मचरित्राची गोडी त्याच्या खरेपणात असते. लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकल्या नव्हत्या. तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३०च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जाते. घरात बोलावे तशी तिची भाषा आहे.

विज्ञानकथा विचारते, ‘असे झाले तर?’ शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने स्पर्धेत पाठवली. लेखक कोण हे परीक्षकांना ठाऊक नव्हते, तरी तिला बक्षीस मिळाले. म्हणजे कथा नावामुळे नव्हे, स्वतःच्या बळावर आवडते.

आता तुमच्याविषयी थोडेसे. मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. अवघड शब्द आले की वाचन थांबते, असे तुम्हांला वाटत असेल. माझ्या मते वाचन थांबते ते गोडी नसल्यामुळे. चोर कोण हे जाणून घ्यायचेच असेल, तर एखादा शब्द अडला तरी तुम्ही पुढे जाता आणि पुढच्या ओळीत त्याचा अर्थ आपोआप लागतो. शिवाय हकिकत, मजकूर, दप्तर असे तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द मराठीत भेटतात.

म्हणून वाचनालयात गेल्यावर नुसते ‘चांगले पुस्तक द्या’ असे म्हणू नका. तुम्हांला रहस्य हवे, खरी हकिकत हवी, की नवी कल्पना, हे आधी ठरवा आणि तसे मागा. मात्र एकाच प्रकारावर थांबू नका. आवडीने वाचलेले पहिले मराठी पुस्तक संपले, की दुसऱ्या प्रकारचेही एक पुस्तक उघडून पाहा. कदाचित तेही तुम्हांला जेवण विसरायला लावील!