विम्याच्या कागदांचे आयुष्य किती?

विमा हा वचनाचा व्यवहार आहे. आज हप्ता घ्यायचा आणि पुढे केव्हातरी, कदाचित तीस वर्षांनी, रक्कम द्यायची. हे वचन कागदाच्या आधारे जगते. त्यामुळे जुने कागद किती वर्षांनी नष्ट करावेत, हा केवळ कपाटे रिकामी करण्याचा प्रश्न नव्हे.

कार्यालयीन व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर जवळचा कायदा पाहून दिले जाते. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे, दिवाणी दाव्याची तीन वर्षे, आर्थिक अफरातफर प्रतिबंधक कायद्यानुसार ओळखपत्रे जपण्याची मुदत संबंध संपल्यापासून पाच वर्षे. परंतु दाव्याची मुदत मृत्यूपासून किंवा दावा नाकारल्यापासून मोजली जाते, पॉलिसी काढल्यापासून नव्हे, हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते.

या विस्मरणाची किंमत ब्रिटनने मोजली आहे. अॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. तोवर कारखाना बंद पडलेला असतो आणि त्याचा विमा कोणाकडे होता, हे सांगणारा कागद उरलेला नसतो. मालकांनी विम्याची प्रमाणपत्रे ४० वर्षे जपावीत, असा नियम तेथे १९९८ साली झाला; २००८ साली तो काढूनही टाकण्यात आला! अखेर ज्यांचा मालक व विमा कंपनी दोन्ही सापडत नाहीत, अशा रुग्णांसाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याचा भार आजच्या विमा कंपन्यांवर पडतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९५ सालीच अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला होता. आजार किती काळ दबा धरून बसतो, त्यावर कागदाचे आयुष्य ठरावे, हे तत्त्व त्यात आहे. विमा क्षेत्राने ते उचलायला हवे होते.

दुसरे उदाहरण घरचेच. दहा वर्षे कोणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. त्यानंतरही २५ वर्षे वारसाला ती मागता येते. म्हणजे पैसे देय झाल्यापासून ३५ वर्षे. ही मागणी विमा कंपनीमार्फतच करायची असते. तिने कागद आधीच नष्ट केले असतील, तर या अधिकाराला अर्थ काय?

याचा अर्थ सर्व काही अनंतकाळ साठवावे असा नाही. ग्राहकाच्या रक्तचाचणीचे अहवाल दशकानुदशके ठेवणे धोक्याचे आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही प्रयोजन संपलेली माहिती पुसण्याकडे आहे. मूळ करार, वारसाची नोंद आणि रक्कम दिल्याचा पुरावा दीर्घकाळ ठेवावा. वैद्यकीय तपशील लवकर पुसावेत. संगणकीय नोंदी वाचणारे यंत्रच कालबाह्य होणार नाही, हेही पाहावे लागेल. विमा नियामक प्राधिकरणाने पॉलिसीच्या प्रकारानुसार अशा मुदतींचे कोष्टक प्रसिद्ध करावे, आणि पॉलिसी विकतानाच ते ग्राहकाच्या हाती द्यावे.