फोन मंद झाला, दोष कोणाचा?

घरातला चार वर्षांचा स्मार्टफोन अडखळू लागला, की ‘जुना झाला’ असा निकाल आपण लगेच देऊन टाकतो. बॅटरी थकते हे खरे. पण अनेकदा फोनवर लादलेले कामच वाढलेले असते, आणि त्यातले बरेचसे अनावश्यक असते, असे माझे मत आहे. नवा फोन घेणे प्रत्येक घराला परवडत नाही, म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नका.

साध्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही, तर बोटाखालची यादी धक्के खात सरकते.

आता वर्गातल्या ५० मुलांचे गुणपत्रक डोळ्यांपुढे आणा. एकाचे गणिताचे गुण बदलले. जुन्या रीतीत आज्ञावली लिहिणाऱ्याने एकेक पायरी सांगायची: त्याची बेरीज बदल, टक्केवारी बदल, वर्गाची सरासरी बदल. एखादी सूचना राहून गेली, की बेरीज एक सांगते आणि टक्केवारी भलतेच! दुसऱ्या रीतीत फक्त नाते सांगायचे: ‘बेरीज म्हणजे सहा विषयांचे गुण मिळून.’ केव्हा आणि कुठे बदलायचे ते यंत्राने पाहावे. कल्पना जुनीच आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये आकड्यांच्या तक्त्यासाठी ती होती. ॲपच्या पडद्यासाठी ॲपलने २०१९ मध्ये स्विफ्टयूआय आणले, आणि गूगलच्या जेटपॅक कंपोजची पहिली पक्की आवृत्ती २०२१ मध्ये आली.

‘मग यंत्र दर वेळी सगळाच पडदा नव्याने मांडणार ना?’ असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. नुसते नाते सांगून वेग येत नाही. निष्काळजीपणे राबवली तर ही रीत उलट जड पडते. इथे कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रासाठी भाषांतर करणारा, मदतीला येतो. कंपोजचा कंपायलर भाषांतर करतानाच पडद्याच्या तुकड्यांना तपासणी जोडतो: मला दिलेली माहिती बदलली का? नसेल, तर तो तुकडा वगळता येतो. बाकीच्या ४९ ओळींना हात लावण्याचे कारण उरत नाही.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, ॲपचा कोणता भाग वारंवार चालतो याची नोंद फोन ठेवतो. चार्जिंगला लावून तो स्वस्थ पडलेला असला, की त्या भागाचे थेट यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवतो. तुम्ही झोपेत असता, तेव्हा हा उद्योग चालतो!

इतकी सोय असूनही ॲप जड का? कारण ते लिहिणारा बहुधा महागड्या फोनवर तपासतो, आणि तिथे उधळपट्टी जाणवत नाही. स्वस्तातल्या फोनवर चालवून पाहिल्याशिवाय ॲप लोकांना देऊच नये, असे मी म्हणेन.

शिक्षकांना एक विनंती. संगणकाच्या तासाला पायऱ्यांबरोबर नातीही लिहायला लावा. मुलांनो, गुणपत्रकातला प्रत्येक चौकोन कशावर अवलंबून आहे ते कागदावर बाणांनी दाखवा. सहा विषय, बेरीज व टक्केवारी अशी ५० मुलांची, आणि शेवटी वर्गाची सरासरी, असे ४०१ चौकोन होतील. एक गुण बदला. त्यामुळे पुन्हा मांडावे लागणारे चौकोन भरतील अवघे तीन.