जुना ट्रॅक्टर : गरज की प्रतिष्ठा?

कला शाखेच्या वार्षिकांकात ट्रॅक्टरचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे उसाला पाणी देऊन मग तासाला येऊन बसतात. घरात बँकेचा किंवा कचेरीचा कागद आला की तो वाचायला आपल्याच हाती दिला जातो. मग घरातील सर्वांत मोठ्या खरेदीविषयी आपण मत का मांडू नये?

कन्हेरीत आमची साडेचार एकर जमीन आहे. बैलजोडी विकून बरीच वर्षे झाली. नांगरट, सरी, भरणी सारे भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालते. गेले वर्षभर घरात एकच विषय आहे : जुना ट्रॅक्टर घ्यायचा. "दारात ट्रॅक्टर उभा असला की मान्सं इचारून बोलत्यात," असे आमचे आप्पा म्हणतात. त्यात खोटे काहीच नाही. सोयरीक जुळवतानासुद्धा पाहुणे आधी दाराकडे पाहतात. पण उसाच्या बिलातून जे पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यांवर धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचाही हक्क आहे. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही.

आमचे घर काही वेगळे नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. एवढ्या जमिनीला ट्रॅक्टरचे काम असते तरी किती? मी आमच्या रानाचा हिशेब मांडला. नांगरट, रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या, सरी, भरणी, शेणखताच्या खेपा असे सारे धरून वर्षाला साठ तासांच्या वर आकडा जात नाही. कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात मात्र ट्रॅक्टरचा वापर सामान्यतः वर्षाला १००० तास धरतात. समजा, जुना ट्रॅक्टर ३ लाखांना घेतला आणि त्या पैशावर शेकडा १२ व्याज धरले, तर वर्षाला ३६,००० रुपये झाले. साठ तासांवर वाटले की तासाला ६०० रुपये! डिझेल, तेल, टायर आणि मेस्त्री यांचा खर्च अजून पुढेच आहे.

मग भाड्याचाच ट्रॅक्टर बरा, असे कोणी म्हणेल. पण त्याला दुसरी बाजू आहे. आपली जमीन काळी आणि भारी. तिला वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा. ओल जास्त असताना नांगर घातला तर चिखलाची ढेकळे होतात, उशीर झाला तर रान दगडासारखे होते. नेमक्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या वाटेवर कितीतरी ट्रॅक्टर उसाच्या ट्रेलरला जुंपलेले असतात. वाफसा साधण्यासाठी ट्रॅक्टर हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. प्रतिष्ठेसाठी हवा, हे मान्य नाही.

म्हणून माझे मत असे की, पाच एकरांच्या आतील शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर जरूर घ्यावा, पण एकट्याने घेऊ नये. बांधाला बांध असलेल्या तीन-चार घरांनी मिळून घ्यावा. भाऊबंदकीचे भय खरे आहे. त्यावर उपाय कागदाचा. कोणाच्या रानात आधी जायचे, डिझेल कोणाचे, चालवणार कोण, मोडला तर खर्च कसा वाटायचा, हे आधी लिहून सह्या कराव्यात आणि तासांची वही ठेवावी. अवजार बँकेची कल्पना याहून फार निराळी नाही.

आता निवडीविषयी. आपल्या भागात विकायला येणारा ट्रॅक्टर बहुधा ऊस ओढून आलेला असतो. तासांचे मीटर इंजिन किती चालले ते सांगते, पण किती ओझ्याखाली चालले ते सांगत नाही. शिवाय मीटर बंद पडलेले किंवा बदललेलेही असू शकते. दोन भरलेले ट्रेलर ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक, गिअर आणि मागचा हूक लवकर झिजतात. तेव्हा रंग पाहू नये, हुकाचे भोक किती झिजले ते पाहावे. शक्यतो ट्रेलरला न जुंपलेला, रानातच चाललेला ट्रॅक्टर शोधावा.

पाहायला जाताना ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा आणि मालकाला इंजिन आधी सुरू करू नका म्हणून सांगावे. थंड इंजिन कसे उठते, यावर पुष्कळ कळते. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलच्या पट्टीवर दुधासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले आहे. मागे नांगर अडकवून लिफ्ट उचलावी, इंजिन बंद करावे आणि थांबावे. नांगर लगेच खाली येऊ लागला तर हायड्रॉलिकमध्ये दोष समजावा. मागचे दोन्ही टायर नवे घ्यावे लागणार असतील, तर ती रक्कम किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. सुटे भाग बारामतीत मिळतात का, हेही विचारावे. पिंजोरचा एचएमटी एके काळी नावाजलेला होता, पण २०१६ मध्ये ट्रॅक्टरचा तो सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. कारखाना बंद झालेल्या ट्रॅक्टरचे भाग पुढे किती मिळतील, याचा विचार हवा.

कागद पाहणे हे मात्र आपले, शिकलेल्यांचे काम. आर.सी. बुकातील इंजिन आणि चासी क्रमांक प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर 'नाहरकत' आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पैसे पुरे देऊ नयेत. फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात आणि तीस दिवसांच्या आत नाव बदलण्यास द्यावे. "नाव नंतर करू" या शब्दावर ट्रॅक्टर घरी आणू नये. उद्या अपघात झाला तर कोर्टकचेरी दोन्ही घरांना भोवते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि यांत्रिकीकरणाचे अनुदान मिळते ते नव्या यंत्राला. तेव्हा मोठा जुना घेण्यापूर्वी लहान नव्याचा भावही विचारावा. उसाच्या रुंद सरीतून आणि डाळिंबाच्या बागेतून अठरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर अधिक सोयीने फिरतो. भारी नांगरटीला मात्र तो पुरत नाही. तेवढी एक नांगरट भाड्याने करावी.

मित्रांनो, आप्पांसारख्या वडीलधाऱ्यांनी बैलाचा दात पाहून बाजार केला. यंत्राचा बाजारही ते करतील, पण हिशेबाची वही आणि आर.सी. बुक त्यांच्यापुढे आपणच ठेवले पाहिजे. आमच्या घरी मी ठेवले आहे. शेजारच्या दोन घरांशी भागीदारीचे बोलणे चालू आहे. ते जमले तर वाफसाही साधेल आणि बहिणीची फीही भरता येईल. नाही जमले, तर ट्रॅक्टर एक वर्ष थांबू शकतो, तिचा प्रवेश थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी आप्पांनाही सांगितले आहे.