नांगर शेताचा आणि नांगर खाडीचा

कोकणात ‘नांगर’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. एक नांगर भाताची खाचरे नांगरतो, दुसरा होडी जागच्या जागी रोखून धरतो. एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कालावलची खाडी असलेल्या तोंडवलीसारख्या गावी या दोन्ही नांगरांची गरज भासते. पहिल्याचा फाळ झिजलेला डोळ्यांस दिसतो व तो वेळीच बदलला जातो. दुसऱ्याची साखळी पाण्याखाली असते. म्हणून ती तुटेपर्यंत कोणी तिची विचारपूस करीत नाही.

2025 साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. तेव्हा विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय परका मानणे आता उचित नव्हे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आश्रयास उभ्या असलेल्या नौकांनाही हानी पोहोचली. इंजिन व जाळी यांवर मोठा खर्च करावयाचा आणि हे सारे ज्या कड्यांवर अवलंबून, तेथे मात्र काटकसर करावयाची, हा हिशेब उफराटा आहे.

प्रथम तळाच्या वजनाचा विचार करू. काँक्रीटचा 100 किलोचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात सुमारे 57 किलोच भरतो. तितक्याच वजनाचे लोखंड मात्र सुमारे 87 किलो राहते. जांभ्याचा चिरा तर काँक्रीटहूनही हलका पडतो. म्हणून ठोकळ्याचे वजन जमिनीवर तोलून समाधान मानू नये.

साखळी दोन भागांत घ्यावी. तळाशी पडून राहणारी जाड व वजनदार असावी आणि वरची तिच्याहून हलकी चालेल. तळच्या साखळीच्या वजनामुळे लाटेचा हिसका सौम्य होतो. लांबी ठरविताना ओहोटीचे पाणी पाहू नये. उधाणाच्या भरतीचे पाणी व होडीच्या नाळेची उंची यांची बेरीज करून तिची किमान तिप्पट साखळी सोडावी. ही बेरीज 6 मीटर आली, तर साखळी 18 मीटर हवी. मात्र होडी वळताना शेजारच्या होडीस लागणार नाही, इतके अंतर राखले पाहिजे.

खाऱ्या पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेली साखळी व त्याच जातीची शॅकल वापरावी. चकचकीत स्टेनलेस स्टीलचा मोह टाळावा. ते चिखलात पुरले गेले की त्यास खड्डे पडतात. शिवाय जस्ती लोखंडास ते जोडले, तर लोखंडाचे जस्त लवकर झडते. शॅकलची खीळ घट्ट आवळून जस्ती तारेने बांधावी, म्हणजे ती हेलकाव्यांनी सुटणार नाही. वर दोर वापरला असल्यास नाळेशी घासणाऱ्या जागी जुन्या रबरी नळीचे वेष्टण घालावे.

साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. लाटेबरोबर ती जेथे तळावरून उचलली जाते व पुन्हा आपटते, तेथे झीज सर्वांत अधिक असते. म्हणून पावसाळी बंदीच्या आधी होड्या वर ओढताना साखळीही वर काढावी. कालवे व शेवाळ खरवडून कड्या एकमेकींस टेकतात तेथे व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजावी. 12 मिलिमीटरची कडी 10.8 वर आली, तर डोळ्यांस ती किंचितच बारीक दिसेल. परंतु तिचे क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांशाने घटलेले असते. अशी साखळी बदलणेच शहाणपणाचे. झीज त्याहून कमी असेल, तर साखळीची टोके उलटसुलट करून ती पुढे वापरता येते.

‘एवढा खर्च गरीब मच्छीमारास कसा झेपावा?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. परंतु एक होडी सुटली की ती शेजारच्या चार होड्यांवर आदळते. म्हणूनच साखळीची चिंता एकट्या धन्यावर सोपविणे योग्य नाही, असे आमचे मत आहे. मच्छीमार संस्थेने एक कॅलिपर व एक नोंदवही ठेवावी. सागरमित्र व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आगोटीपूर्वी गावातील प्रत्येक साखळी मोजून तिची जाडी त्यात लिहावी. शॅकल व साखळी संस्थेने एकत्र खरेदी करावी. बैलाचे दावे कुजले आहे की काय, हे शेतकरी रोज पाहतो. होडीचे दावे वर्षातून एकदा तरी पाहिले जावे, इतकीच अपेक्षा आहे.