वाजतो म्हणून सुरक्षित?

जुन्या यंत्रात डोकावून पाहण्याचा मोह तुमच्यापैकी अनेकांना होत असेल, आणि तो व्हावाही. त्यातून ते यंत्र निर्वात नलिकांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे असले तर विचारायलाच नको. ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. पण हेडफोनवर गाणी ऐकणाऱ्या शौकिनांनी व्हॉल्व्हला सोडले नाही. हेडफोनसाठी वापरायचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आजही बनतात, आणि कोणा हौशी माणसाने वीस-तीस वर्षांपूर्वी घरी जोडलेले संच हातोहात फिरत राहतात. असा संच घरी आला की पहिले वाक्य ठरलेले असते: "लावून तर पाहू, वाजतो का!" माझा विरोध आहे तो या वाक्याला.

वाजणे हा सुरक्षितपणाचा पुरावा नव्हे. अर्थची तार तुटलेली असली तरी गाणे उत्तम ऐकू येते. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळलेली असली तरीही ते तितकेच गोड वाजते.

आता हेडफोनचीच एवढी काळजी का, हे पाहा. रेडिओ फळीवर असतो, आपण खुर्चीत. हेडफोन मात्र डोक्याला दोन्ही बाजूंनी चिकटून बसतो, खाली घाम येतो आणि ओल्या त्वचेचा रोध कोरडीपेक्षा पुष्कळच कमी असतो. त्यातच आपला एक हात आवाजाच्या बटणावर असतो. म्हणजे बिघाड झालाच तर विजेला डोक्याकडून हाताकडे, छातीतून जाणारा रस्ता आयता तयार. सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह झिणझिण्या आणतो, दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि तीस-चाळीस मिलिअँपिअर छातीतून काही क्षण वाहिले तर हृदयाची लय बिघडू शकते.

व्हॉल्व्हच्या पट्टिकेला साधारण १५० ते ३०० व्होल्ट दाब लागतो. पुष्कळ हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायरांत शेवटी ट्रान्सफॉर्मर नसतो. शंभर-एक व्होल्टवर बसलेला व्हॉल्व्ह आणि तुमचा हेडफोन यांच्यामध्ये असतो तो एक कंडेन्सर. तो एकदिश दाब अडवतो आणि गाण्याचे प्रत्यावर्ती संदेश तेवढे पुढे सोडतो. हा कंडेन्सर इलेक्ट्रोलायटिक जातीचा असेल तर त्यातील अडवणारा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा एका मायक्रॉनहूनही पातळ पापुद्रा. वर्षे उलटली की आतला द्रव सुकतो आणि गळती वाढू लागते. काचेचा व्हॉल्व्ह नाजूक दिसतो, पण पुष्कळदा म्हातारा होतो तो हा कंडेन्सर. शौकीन मंडळी आवाजासाठी हजारो रुपयांचे व्हॉल्व्ह बदलतात. दोन तारांची जुनी केबल काढून तीन पिनांची घालायला मात्र सवड नसते!

यंत्र बंद केले म्हणजे संपले, असेही नाही. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात साडेचार ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीवरून पडल्यावर देईल तेवढी. त्याला २२० किलोओहमचा रोध समांतर जोडलेला असला तर कालांक २२ सेकंद होतो आणि ११० सेकंदांत दाब दोनेक व्होल्टवर येतो. पण तो रोधच तुटलेला असला तर? म्हणून ज्याला आत हात घालायचा आहे त्याने घड्याळावर विसंबू नये, मीटरने दाब मोजावा.

तुम्ही मात्र आवरण उघडूच नका. प्लग भिंतीतून काढून आपल्या हातात ठेवा आणि बाहेरूनच तपासा. केबल कडक झाली आहे का, तडकली आहे का? पिना दोन की तीन? आपल्याकडे जुन्या केबलीत लाल तार जिवंत, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थची. नव्यात तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. अमेरिकी यंत्रात मात्र काळी तारच जिवंत असते, हे विसरून कोणी प्लग बदलला असेल तर घोटाळा झालाच.

मग मल्टिमीटर घ्या. अर्थची पिन आणि धातूचा सांगाडा यांमधील रोध एक ओहमहून कमी हवा. नंतर उरलेल्या दोन पिना एकत्र जोडून त्या आणि सांगाडा यांमधील रोध पाहा. या वेळी यंत्राचे बटण 'चालू' बाजूला हवे, नाहीतर आतला भाग तपासला जाणारच नाही. मात्र मल्टिमीटर दोन-चार व्होल्टच लावतो. २३० व्होल्टला दगा देणारे आवरण त्याला धडधाकट दिसते. म्हणून पुढची परीक्षा जाणत्या तंत्रज्ञाने ५०० व्होल्टच्या मेगरने करावी आणि रोध निदान एक मेगओहम भरावा.

दुसऱ्या मापात रोध शून्याजवळ निघाला तर सावध व्हा. जुन्या रेडिओंत आणि रेकॉर्ड प्लेयरांत ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी सांगाडा सरळ विजेच्या एका तारेला जोडत. दोन पिनांचा प्लग उलटा घातला की सगळा सांगाडा २३० व्होल्टवर! त्याची एक खूण व्हॉल्व्हच्या नावात सापडते. युरोपीय पद्धतीत नाव 'ई'ने सुरू झाले, जसे ईसीसी ८३, तर तापतार ६.३ व्होल्टची. 'यू'ने सुरू झाले, जसे यूसीएल ८२, तर ती १०० मिलिअँपिअरची, एकसरीत जोडायची. तेथे ट्रान्सफॉर्मर नसण्याचा दाट संशय घ्यावा. अशा संचाला कोणी नंतर भोक पाडून हेडफोनची जागा केलेली असेल, तर माझ्या मते तो दुरुस्त करण्याच्याही फंदात पडू नये.

"सिरीजमध्ये बल्ब लावून चालवू," असे कोणी म्हणेल. तो बल्ब यंत्र जळू देत नाही, पण माणसाला मारायला पुरेसा प्रवाह त्यातून सहज जातो. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक आहे? उत्तम, पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसलेला झटका त्याला कळतच नाही. ११५ व्होल्टच्या यंत्रासाठी आणलेला ऑटो ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, वीज अलग करत नाही.

काही शिक्षक म्हणतील, एवढी भानगड असेल तर शाळेत व्हॉल्व्हचे यंत्र आणायचेच कशाला? मला हे पटत नाही. प्लग काढलेल्या, आवरण बंद असलेल्या यंत्राची ही परीक्षा हा ओहमच्या नियमाचा फार चांगला प्रात्यक्षिक तास आहे. वर्गाने मापे घ्यावीत, फळ्यावर लिहावीत, आणि यंत्र लावण्याजोगे आहे की नाही यावर वाद घालावा. निर्णय होईपर्यंत प्लगवर कागदी पिशवी चढवून सुतळीने बांधावी आणि वर चिठ्ठी लावावी: 'तपासणी बाकी'.