‘हजारो वर्षांचा’ कापूर : परंपरा म्हणजे पुरावा नव्हे

१/ जळगाव-धुळ्याच्या घरांत बाळाच्या सर्दीवर कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधतात. शंका घेताच उत्तर मिळते, ‘परंपरा हजारो वर्षांची आहे!’ हा इतिहासाचा दाखला नव्हे, गैरवापर आहे.

२/ प्राचीन भारतात नावाजलेला कापूर सुमात्रा-बोर्निओच्या अरण्यांतून येई. पुढे चीन-जपानकडील निराळ्या वृक्षाचा कापूर आला. आजची वडी बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनते. नाव तेच, उगम तीन. मग ‘परंपरा’ नेमकी कोणत्या कापराची?

३/ १९३४ मध्ये बुडापेस्टला मेदुना यांनी मनोरुग्णांना आकडी यावी, याच हेतूने कापूर टोचला. पोटात गेलेला थोडा कापूरही बालकाला आकडी आणू शकतो. आणि गळ्यातली वडी तोंडात जायला क्षण पुरतो.

४/ २०२१ च्या करोना लाटेत याच पुरचुंडीने प्राणवायू वाढतो, असा संदेश फिरला. कापराने नाकात गारवा जाणवतो; रक्तातला प्राणवायू वाढत नाही.

५/ मोठ्यांच्या दुखऱ्या अंगावर चोळायच्या मलमात मर्यादित कापूर उपयोगी आहे, हे निर्विवाद. परंतु ज्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून अस्सल कागद जपत आले, तेथे तरी ‘परंपरा’ हा शब्द पुराव्याच्या जागी बसू नये.