शिवजयंती? मे महिन्यात?

“पुढच्या आठवड्यात मी नाही हां. शिवजयंतीला घरी चाललोय.”

रूममेटनं हे डिक्लेअर केलं तेव्हा 2022 चा एप्रिल संपत आला होता. मी म्हटलं, बॉस, शिवजयंती फेब्रुवारीत झाली. सोसायटीत ढोल वाजत होते आणि तू कानात इअरफोन घालून झोपला होतास!

“ती तुमची. आमची यायचीय की अजून.”

आमचा हा पार्टनर बेळगावचा. त्याच्या एचआरवाल्या मॅडमना हे दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं. फंडा असा, की महाराष्ट्र सरकारनं 2001 मध्ये 19 फेब्रुवारी 1630 ही जन्मतारीख अधिकृत ठरवली. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी चालत आलेली. बेळगावनं ती सोडली नाही. मुंबईत निघालेला जीआर तिथं कसा लागू होणार म्हणा! 1956 मध्ये भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल अजून लागायचाय. 2014 मध्ये गावाचं नावही सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं. या सगळ्यात द्वितीया तेवढी जागची हलली नाही.

“यायलास काय?” त्यानं विचारलं. फ्रीलान्सरला रजा मागावी लागत नाही. निघालो.

खरं तर मी मालेगावला जाणार होतो, ईदला. मी मूळचा मालेगाव कॅम्पातला. गावाबाहेरच्या लोकांना आमचं गाव दोनच गोष्टींनी माहीत, पॉवरलूम आणि ब्रेकिंग न्यूज. ‘सेफ आहे का रे तिकडे?’ हा प्रश्न मी कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून ऐकतोय. तुमच्याकडे स्टेटची बॉर्डर असेल, आमच्याकडे ती गावाच्या मधूनच वाहते. मोसम नदी! अलीकडचे आणि पलीकडचे. शाळेतल्या पलीकडच्या दोस्ताला फोन करून सांगितलं, यंदा शीरखुर्मा मिस. त्यानं अस्सल मालेगावी शिवी हासडली. इथं छापता येणार नाही.

रात्रीची बस. कागलच्या पुढे कोगनोळीचा नाका गेला आणि दुकानांच्या पाट्या कन्नड झाल्या. चहावाल्याचं मराठी मात्र तेच, थोडा हेल वेगळा.

त्या आठवड्याचं कॅलेंडर ऐका. 2 मेला शिवजयंती. 3 मेला बसव जयंती, कारण महात्मा बसवेश्वरांची तिथी अक्षय्य तृतीया, म्हणजे शिवरायांच्या अगदी दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी रमजान ईदही त्याच 3 मेला. आणि 4 मेला रात्रभर चित्ररथांची मिरवणूक. कोरोनामुळे दोन वर्षं ती निघाली नव्हती. वर डिसेंबर 2021 चा ताण ताजा. बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, मग बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची. दगडफेक, जमावबंदी, अटका. रूममेटची आई फोनवर ‘यंदा नको येऊस’ म्हणाली होती, हे त्यानं मला बसमध्ये सांगितलं. आधी सांगायचं ना, राव!

4 मेच्या संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकात पालखी निघाली आणि मग मागून एकेक गल्लीचा चित्ररथ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अख्खा किल्ला. थर्माकोल नाही, माणसं! अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड. प्रत्येक चौकात ट्रॉली थांबणार, स्पीकरवरून निवेदन, तलवारी, की पुढे. रात्रभर तोच सीन पुन्हा पुन्हा. मी मागच्या पडद्याचं कापड बोटांत धरून पाहिलं. पॉवरलूमच्या गावचा ना!

रामलिंगखिंड गल्लीत रूममेटच्या मंडळाची ट्रॉली अडकली. बंदोबस्तातल्या साहेबांनी कन्नडमध्ये आवाज दिला, चला, पुढे घ्या. त्यांना उत्तर दिलं साक्षात बाजीप्रभूंनी. अंगभर लाल रंग, दोन्ही हातांत तलवारी आणि फाडफाड कन्नड! साहेब हसले, पाच मिनिटं वाढवून मिळाली. मग वळून तेच बाजीप्रभू मराठीत गरजले.

“हा घरी कन्नडच बोलतो,” रूममेट म्हणाला. “आमच्याच गल्लीतला. दरवर्षी बाजीप्रभू हाच.”

मला टेक्सासमधलं लारेडो आठवलं. मेक्सिकोच्या सीमेवरचं शहर, बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाची. तिथं 1898 पासून जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवस साजरा होतो. वॉशिंग्टन तिकडे कधी फिरकलेसुद्धा नव्हते! मुली मोठमोठे झगे घालून मिरवतात आणि सीमेवरच्या पुलावर दोन्ही देशांची लहान मुलं एकमेकांना मिठी मारतात. सरकारी इतमामात.

शिवरायांना तर इकडे परकं म्हणायची सोयच नाही. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूची, समाधी होदिगेरेला. 1677 ची दक्षिण मोहीम याच मुलखातून गेली. तरी मिठीचा कार्यक्रम दोन्ही राज्यांतल्या कुठल्याच पुढाऱ्याला सुचलेला नाही. 2023 मध्ये बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवपुतळा उभा राहिला, तेव्हा निवडणूक तोंडावर होती. एकाच पुतळ्याचं अनावरण आठवड्याच्या आत दोनदा झालं, आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांकडून, मग काँग्रेसकडून!

पहाटे तीनला एका पायरीवर बसून आम्ही कुंदा खाल्ला. रूममेट तसा कमी बोलणारा. त्या वेळी म्हणाला, “पुण्यात मी कर्नाटकवाला. बेंगळुरूच्या ऑफिसात होतो तेव्हा मराठीवाला. इथं ही एक रात्र मला कुणी काही विचारत नाही बघ.” मग लगेच, “कुंदा संपव, बांधून नेलेला वेगळा मिळतो.”

मी त्याला मोसम नदीचं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी ईदला मी येतो. (आला. शीरखुर्म्याच्या तीन वाट्या!)

उजाडलं तेव्हा शेवटच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर होत्या. गल्लीतल्या नळावर बाजीप्रभू मान खाली घालून मिशीचा गोंद सोडवत होते. लाल पाणी गटारात चाललेलं. शेजारी त्यांची आई टॉवेल घेऊन उभी, कन्नडमध्ये काहीतरी रागावत होती.

“काय म्हणतायत काकू?” मी विचारलं.

“फर्स्ट शिफ्टची बस गेली म्हणते,” बाजीप्रभू म्हणाले. “तुमची गाडी आहे काय हो? उद्यमबागपर्यंत सोडा की.”